इंदूबाईंच्या नळ्या

जबलपूरच्या मदन महल भागात शैलेंद्र सुभेदारांच्या घरी पाहुणा आला, की चहाच्या आधी त्याला गाडी पाहावी लागे. त्यातून सुटका नव्हती. त्यांच्या पत्नी विनताबाई 'सोसा आता' अशा नजरेनं पाहुण्याकडे बघत आणि शैलेंद्र त्याला दंडाला धरून मागच्या शेडमध्ये नेत. १९२८ सालची, विलायतेहून आलेली, उघड्या टपाची गाडी. चौदा हॉर्सपॉवरची, म्हणून घरात तिचं नाव 'चौदा'. आजोबांनी ती घेतली, वडिलांनी हौसेनं चालवली आणि कॉलेजात भूगोल शिकवून निवृत्त झाल्यावर शैलेंद्रांनी ती पुन्हा उभी करायला घेतली. सहा वर्षांत दिवे मिळाले, भोंगा मिळाला, मागच्या सीटच्या चामड्यासाठी कानपूर गाठून झालं. पाहुणा कौतुक करत करत गाडीच्या तोंडाशी येई आणि थबके.

"हे इथं भोक काहून आहे?"

तिथे रेडिएटर नव्हता. बाहेरची चकचकीत चौकट होती आणि आत नुसती पोकळी. हात घातला तर थेट इंजिनाला लागे.

ज्यांनी जन्मात फक्त गाडीत पाणी ओतलं आहे, त्यांच्यासाठी इथे थोडं सांगायला हवं. इंजिन तापतं, त्याचं पाणी रेडिएटरमध्ये येऊन निवतं आणि परत जातं. आजकाल हे काम पत्र्याच्या पट्ट्यांवर भागतं. 'चौदा'च्या काळात मात्र पितळेच्या बोटभर लांबीच्या नळ्या आडव्या रचत. प्रत्येक नळीची दोन्ही टोकं ठोकून षटकोनी करायची, टोकाला टोक भिडवायचं आणि कथलानं झाळायचं. नळीच्या आतून वारा जातो आणि नळ्यांच्या मधल्या बारीक फटींतून पाणी झिरपत खाली उतरतं. समोरून पाहिलं तर मधाचं पोळंच. 'चौदा'च्या जाळीत अशा एकोणीसशे चार नळ्या होत्या. ती बनवणारी कंपनी बुडाली त्यालाही आता साठ वर्षं होत आली.

शैलेंद्रांनी शोधायचं बाकी ठेवलं नव्हतं. कोइंबतूरला फोन केले, इंदूरच्या शौकिनांचे उंबरे झिजवले. कोलकात्याहून एकानं मोठ्या थाटात जाळी पाठवली. पेटी उघडली तर पत्र्याला षटकोनी भोकं पाडलेली, आत नळी औषधालाही नाही. इंग्लंडातल्या जुन्या गाड्यांच्या क्लबनं कळवलं, की त्या मॉडेलच्या अकरा गाड्या जगात शिल्लक आहेत आणि जादा जाळी कुणाकडेच नाही. ते पत्र वाचून शैलेंद्र दोन दिवस नीट जेवले नाहीत. विनताबाईंनी तेव्हा त्यांची थट्टा केली नाही, कारण भोक कुणी पाडलं ते त्यांना ठाऊक होतं.

१९८० साली बावीस वर्षांच्या शैलेंद्रच्या अंगात भारी शहाणपण शिरलं होतं. गाडी फार तापते, जुनी जाळी काढून लष्करी लिलावातल्या ट्रकचा रेडिएटर बसवू, असं त्यानं ठरवलं. वडील लग्नाला नागपूरला गेले होते, तेवढ्यात त्यानं जाळी उपटली आणि पितळ म्हणून भंगारवाल्याच्या हातगाडीवर टाकली. ट्रकचा रेडिएटर काही बसला नाही. वडील परत आले, गाडीसमोर उभे राहिले आणि कापडी आच्छादन ओढून घरात गेले. त्यानंतर ते सोळा वर्षं जगले, पण गाडीबद्दल एक शब्द बोलले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, असं शैलेंद्रांना अजून वाटे. ते भोक बुजवल्याशिवाय मरायचं नाही, एवढाच त्यांचा हट्ट होता.

या मे महिन्यात ओमती भागातल्या चिरागनं त्यांना आशा लावली. चिरागचं रेडिएटर दुरुस्तीचं दुकान आहे आणि शैलेंद्रांची रड ऐकून ऐकून त्याला तोंडपाठ झाली होती. "सर," तो म्हणाला, "अधारताल में एक अंकल हैं, लांजेवार. साल में दो-तीन बार मुझसे झालने का राँगा ले जाते हैं. एक दिन नमूने के लिए नली लाए थे. आपने जो फोटो दिखाई थी ना, बिल्कुल वैसी, छह कोने वाली."

जबलपूरच्या मे महिन्यात दुपारी दोन वाजता जो माणूस स्कूटर काढतो, त्याला एक तर डॉक्टरकडे जायचं असतं किंवा डॉक्टरची गरज असते. शैलेंद्र निघाले. अधारतालच्या मोठ्या रस्त्यावरची दुकानं अर्धी शटर ओढून बसली होती. चौकशी करत ते एका बैठ्या घरापाशी पोचले. दार उघडलं ते तुळशीराम लांजेवारांनी. अठ्ठ्याहत्तरीचे, काटक, सरकारी कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले. आजोबा वर्ध्याकडून इकडे कामाला आले, ते इथलेच झाले.

"मराठी आहात जी? मग बाहेर काहून उभे? या, या, आत या, ऊन मारून राहिलं."

शैलेंद्रांनी उंबरा ओलांडला आणि जागीच उभे राहिले.

खोली गार होती. कूलरची चिकट ओल नव्हती, एसीची हाडात शिरणारी थंडीही नव्हती. पहाटे अंगणात झोपलं की जशी हवा अंगाला लागते, तशी ती हवा होती, कोरडी आणि हलकी. कुठेतरी पाण्याचा बारीकसा आवाज येत होता. खिडकीखालच्या पलंगावर उशांना टेकून एक कृश बाई बसल्या होत्या, त्या तुळशीरामांच्या पत्नी इंदूबाई. आणि त्यांच्या डोक्यावरच्या खिडकीत, जिथे गज असायला हवे होते तिथे, मधाचं पोळं लखलखत होतं.

 सहा वर्षं ज्याच्यासाठी जग पालथं घातलं, ते शैलेंद्रांच्याच गावात स्कूटरवर पंचवीस मिनिटांच्या अंतरावर खिडकीत बसलं होतं. बसलं होतं म्हणजे नुसतं बसलेलं नव्हतं, तर कामावर होतं.

"हिची छाती नाजूक आहे ना जी," तुळशीराम सांगू लागले. "कूलर लावला की ओलीनं दम लागे. एसीत छाती आखडे. ब्याण्णवच्या उन्हाळ्यात तर ही हातची गेलीच होती. मग मनात आलं, गाडीचं इंजिन निवते, तं माणूस काहून नाही निवणार? ही जाळी होती माळ्यावर पडून. भंगारवाल्याच्या गाडीवर दिसली होती, सुंदर होती म्हणून घेऊन ठेवली होती."

मागच्या विहिरीचं पाणी एक छोटा पंप खेचत होता. ते जाळीच्या वरच्या टाकीत येई, नळ्यांच्या मधून उतरे आणि पुढे परसातल्या पपईला जाई. जाळीच्या बाहेर पंखा होता. बाहेरचा भाजका वारा नळ्यांतून आत येताना आपली सारी आग विहिरीच्या पाण्याला देऊन येत होता. शैलेंद्रांनी जन्मभर मुलांना वारे शिकवले होते, नकाशावर बाण काढून दाखवले होते. आज पहिल्यांदा कुणीतरी वाऱ्याला घरी बोलावून, हातपाय धुवायला लावून आत घेतलेलं ते बघत होते. त्यांनी आपसूक हात जोडले. कुणाला जोडले, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

पण माणूस शेवटी माणूसच. हात जोडून होताहोताच नजर टाकीवरच्या छोट्या पितळी पट्टीकडे गेली. पलंगाच्या कडेला उभं राहून त्यांनी ती रुमालानं पुसली. आकडे उमटले: ४४१७. वडिलांच्या वहीत, गाडीच्या कागदांमध्ये, हाच आकडा होता. 

त्यांनी मग सगळं सांगितलं. हातगाडी, नागपूरचं लग्न, वडिलांचं न बोलणं, काहीच लपवलं नाही. तुळशीराम मान खाली घालून ऐकत होते. ऐकून झालं तसे उठले, बटणं दाबून पंप आणि पंखा बंद केले आणि कोनाड्यातून पाना काढला.

"तुमच्या वडिलांची अमानत आहे जी," ते म्हणाले. "मालक दारात आल्यावर मी ठेवू कशी?"

शैलेंद्रांनी 'राहू द्या' म्हणायला हवं होतं. ते म्हणाले नाहीत. पंखा घरघरत थांबला. पहिला बोल्ट सुटला, दुसराही. बाहेरचं ऊन जाळीतून जसंच्या तसं आत येऊ लागलं. शैलेंद्रांना दिसत होतं, कळत होतं, आणि तरी त्यांची नजर ४४१७ वरून हलत नव्हती. त्या क्षणाची लाज त्यांना पुढे कायम वाटत राहिली.

"पंप चालू करा," पलंगावरून आवाज आला.

इंदूबाई आत्तापर्यंत एक अक्षर बोलल्या नव्हत्या. त्या थांबून थांबून, एकेका श्वासाला चार-पाच शब्द देत बोलत.

"अवं, पण यांच्या वडिलांचा नंबर..."

"नंबर त्यांचा असन. नळ्या माझ्या आहेत."

तुळशीरामांचा पाना हवेतच राहिला. मग त्यांनी कपाळावर हात मारला. "अरे हो! ते तं सांगायचंच राहिलं."

जाळी खिडकीत चढवली त्याच वर्षी गळायला लागली होती. पितळ साठ-पासष्ट वर्षांचं, ठिसूळ झालेलं. एक नळी काढून नवी घातली की शेजारची फुटे. अशी नळी कुठेच मिळत नव्हती. मग तुळशीरामांनी फ्रिजवाल्यांकडून तांब्याची नळी आणून तुकडे कापले, भाजून मऊ केले, टोकं षटकोनी करायला पोलादाचा ठोकणा घडवला. पण ते दिवसभर कारखान्यात. आणि झाळण्याच्या धुरात इंदूबाईंना बसवायची सोय नव्हती. मग घरात वाटणी झाली. टोकं ठोकायची इंदूबाईंनी, झाळायचं तुळशीरामांनी, तेही परसात जाऊन. वर्षाला साठ-सत्तर नळ्या बदलत गेल्या. बत्तीस उन्हाळे गेले.

"जुनी शेवटची नळी गेल्या दिवाळीत निघाली," तुळशीराम म्हणाले. "आता त्यात विलायती काहीच नाही जी. टाकी आणि ती पट्टी, बस्स."

ते आत गेले आणि एक गोणपाट ओढत घेऊन आले. तोंड सोडलं तर आत काळ्याहिरव्या पडलेल्या, चिरलेल्या पितळी नळ्या. एकही फेकलेली नव्हती.

"तुमाले ओरिजिनल पायजे ना?" त्यांनी अगदी मनापासून विचारलं. "हे घ्या. सगळं ओरिजिनल यात आहे."

थट्टेचा लवलेश नव्हता. शैलेंद्र गोणपाटाकडे बघत राहिले, मग खिडकीकडे. ज्या शब्दापायी सहा वर्षं घालवली तो शब्द गोणपाटात भरून समोर ठेवला होता आणि त्याचा काडीचा उपयोग नव्हता. उपयोगाचं जे होतं ते एका दम लागणाऱ्या बाईनं पलंगावर बसून घडवलं होतं. एकोणीसशे चार नळ्या. दोन टोकं धरली तर अडतीसशेच्या वर. 

"कसं करता हे?" त्यांनी विचारलं. आवाज भलताच लहान आला.

तुळशीरामांनी पंप सुरू केला होता. हवा पुन्हा निवायला लागली तशा इंदूबाई सरळ बसल्या. पलंगाशेजारच्या स्टुलावर रेल्वेच्या रुळाचा वीतभर तुकडा होता. त्यांनी नळी त्यावर उभी धरली, तिच्या तोंडात ठोकणा घातला आणि छोटी हातोडी उचलली. श्वास घेतला. सोडला, आणि सोडतानाच एक ठोका. पुन्हा श्वास, पुन्हा ठोका, मग नळी थोडी फिरवायची. घाई नाही. पंधरा-सोळा ठोके झाले, आवाज किंचित बदलला आणि त्या थांबल्या. टोक षटकोनी झालं होतं. सहाही बाजू सारख्या.

"श्वास ओढताना मारलं की हात भारी पडते," त्या म्हणाल्या. "टोक चिरते. माझा दम तसाही... एका वेळी एकच ठोका देते. म्हणून सारखे पडतात."

शैलेंद्रांना त्या खोलीतली गोष्ट आत्ता कुठे पुरती समजली. जाळीमुळे इंदूबाईंना श्वास मिळत होता आणि तोच श्वास मोजून खर्चून त्या जाळी घडवत होत्या. बत्तीस वर्षं हा व्यवहार चालला होता आणि अधारतालमध्ये कुणाला पत्ता नव्हता. देवळात गेल्यावर जे वाटायला हवं असं लोक म्हणतात, ते शैलेंद्रांना या खोलीत वाटलं.

निघताना तुळशीरामांनी ऐकलंच नाही. टाकीवरची पट्टी त्यांनी अलगद सोडवून शैलेंद्रांच्या हातात ठेवली आणि गोणपाट स्कूटरच्या पायदानावर चढवलं. जे यांचं होतं ते सगळं यांना दिलं, या समाधानानं त्यांनी नमस्कार केला.

घरी शैलेंद्रांनी गोणपाट शेडमध्ये ओतलं. विनताबाई पदरानं वारा घेत दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळी हकिगत ऐकली, एक नळी उचलून बोटात फिरवली आणि म्हणाल्या, "मग त्या बाईंनाच सांगायचं ना, मला एक करून द्या म्हणून. की लाज वाटून राहिली?"

लाजच वाटत होती. तरी दुसऱ्या दिवशी ते गेले. हात जोडून म्हणाले, "काकू, मला अशी एक जाळी करून द्याल का? वर्षं लागली तरी चालतील."

खरं तर त्या त्यांच्याहून सात वर्षांनीच मोठ्या, पण 'काकू' शिवाय दुसरं काही तोंडात येईना. इंदूबाईंनी बोटांवर काहीतरी मोजलं.

"चांगल्या दिवशी दहा होतात. वाईट दिवशी एकही नाही. दोन-अडीच वर्षं धरा." त्या थांबल्या, श्वास जुळवला. "मी तेवढी पुरीन की नाही, सांगता येत नाही भाऊ. म्हणून मी नाही करत. तुमी शिका."

तुळशीराम लगबगीनं म्हणाले, "असं काहून बोलते!" पण इंदूबाईंच्या बोलण्यात रडगाणं नव्हतं. हिशेबी बाईनं पिठाचा डबा बघून पोळ्या सांगाव्यात तसं त्यांनी सांगितलं होतं.  शैलेंद्रांनी चप्पल दाराबाहेर काढून ठेवली आणि स्टुलाशी मांडी घातली.

पहिल्या दिवशी सात नळ्या चिरल्या. दुसऱ्या दिवशी नऊ. विद्यार्थ्यांना पस्तीस वर्षं दटावणाऱ्या सरांना आता हातोडी धरता येत नव्हती. शक्ती लावली की टोक फाटे, सांभाळून मारलं की कोपरेच उमटत नसत. इंदूबाई पलंगावरून प्रत्येक नळी घेत, कानाजवळ नेऊन नखानं वाजवत, रुळावर घरंगळू देत आणि परत करत. रागावत नसत. "तुमी श्वास धरून मारता," एवढंच म्हणत. सदुसष्ट वर्षं वय होऊन आपल्याला श्वास सोडता येत नाही, हे शैलेंद्रांना तिथे कळलं. काही दुपारी इंदूबाईंना बोलवतही नसे. मग त्या नुसता हात वर करत, हात खाली आला की ठोका. त्या हाताकडे बघून शैलेंद्र श्वास सोडत.

मृग लागला तरी पावसाचा पत्ता नव्हता. तेविसाव्या दिवशी पारा चव्वेचाळिसावर होता आणि इंदूबाईंची रात्र वाईट गेली होती. ओठ निळसर दिसत होते. शैलेंद्र उठून जायला निघाले तर त्यांनी बोटानं बसा म्हटलं. जाळीच्या वरच्या भागातून पाण्याची एक धार भिंतीवरून ओघळत होती, एक नळी फुटली होती. नवी नळी करायची ताकद त्या दिवशी त्यांच्यात नव्हती, आणि करून ठेवलेल्या संपल्या होत्या. पंप बंद करावा लागला. खोली तापत होती.

तुळशीराम कधी बायकोकडे बघत, कधी खिडकीकडे. त्यांचे स्वतःचे हात आता थरथरत, बारीक ठोका त्यांना जमत नसे. त्यांनी नळीचा एक तुकडा शैलेंद्रांपुढे ठेवला.

शैलेंद्रांनी नळी रुळावर उभी धरली. या वेळी त्यांनी गाडीचा विचार केला नाही, वडिलांचाही नाही. पलंगावरचा तो तुटक श्वास ऐकू येत होता, त्यालाच ते धरून राहिले. तो सुटला की यांचाही सुटे आणि हातोडी पडे. एक. मग पुन्हा एक. आवाज बदलला तसे ते थांबले आणि नळी उलटी करून दुसरं टोक धरलं. झाल्यावर ती इंदूबाईंच्या हातात ठेवली.

त्यांनी ती कानाजवळ नेली. नखानं वाजवली. रुळावर घरंगळवायला हात पोचेना, म्हणून पलंगाच्या लाकडावर घरंगळवली. आणि परत न करता तुळशीरामांच्या हातात दिली.

"लावा," त्या म्हणाल्या.

तुळशीरामांनी जाळी परसात नेली, झाळली, परत चढवली. पाऊण तास लागला. तेवढा वेळ शैलेंद्र इंदूबाईंना हातपंख्यानं वारा घालत बसले. पंप सुरू झाला. पाणी टाकीत आलं, नळ्यांमधून उतरलं. भिंत कोरडी राहिली. मग पंखा फिरला.

शैलेंद्रांनी तळहात त्या नळीपुढे धरला. शेजारच्या नळ्यांतून येत होता तसाच गार वारा तिच्यातूनही येत होता, कमी नाही, जास्त नाही. पंचेचाळीस वर्षांपूर्वी हीच जाळी त्यांनी हातगाडीवर फेकली होती. आज तिच्यात एक नळी त्यांच्या हातची होती आणि पलंगावरच्या बाईंच्या ओठांचा रंग हळूहळू परत येत होता. त्यांना रडू फुटलं. त्यांनी ते लपवलंही नाही.

"रडता काहून?" इंदूबाई म्हणाल्या. आता त्यांना एका श्वासात पाच-सहा शब्द येत होते. "दुसरी घ्या. दुपार बाकी आहे अजून."